काळे रॉड

डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून माझ्या लक्षात आलं. टूल बोथट झालं होतं हे मला आवाजावरूनच कळत होतं. कापल्याचा आवाज येत नव्हता, घासल्याचा येत होता. ॲसिटल या कडक प्लॅस्टिकच्या रॉडवर बोथट टूल घासलं की रॉड तापतो आणि त्यातून फॉर्मालिनचा वास सुटतो. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसमोरून जाताना बेडकांच्या बरण्यांचा यायचा, तोच वास. नाक झोंबतं, डोळे चुरचुरतात, माणूस आपोआप मागं सरतो. मी सवयीनं मागं सरलेसुद्धा. पण झोंबलं काहीच नाही. मंद, चिकट, केस जळल्यासारखा वास शेडमध्ये पसरला. लेथच्या चकमध्ये, म्हणजे रॉड पकडणाऱ्या जबड्यात, काळा रॉड फिरत होता आणि त्याचा छिलका न तुटता लांबच लांब निघून चकभोवती गुंडाळला जात होता. मी मशीन बंद केलं. चक थांबेपर्यंत मी एवढाच विचार करत होते की सकाळपासून सर्दी तर नाही ना झाली मला.

सर्दी नव्हती. शेडबाहेर टपरीवाला कांदा परतत होता, तो वास व्यवस्थित येत होता. वारज्याला कालव्याच्या अलीकडे आमची ही पत्र्याची शेड, शेजारी एक वेल्डिंगवाला, पलीकडे अर्धवट बांधलेल्या सोसायटीचे पिलर. सकाळी मी शनिवार पेठेत एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते आणि तिथून शेडवर येते. तोवर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कच्चं काम उरकलेलं असतं. रॉड कापायचे, चकमध्ये धरायचे, बाहेरून आणि आतून मापाच्या थोडं अलीकडे आणून ठेवायचे. हे झालं की ते तुकडे एक दिवस तसेच ट्रेमध्ये ठेवायचे. हा नियम माझा. प्लॅस्टिकच्या रॉडमध्ये, तो तयार होतानाच, ताण अडकून बसलेला असतो. वरचा थर काढला की तो सुटायला लागतो आणि तुकडा आपल्या नकळत किंचित हलतो. धातूवाल्यांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, मायक्रोमीटर लावला, आकडा आला, संपलं. पण ॲसिटल गरम असताना एक माप देतं, थंड झाल्यावर दुसरं, आणि एक रात्र विसावल्यावर तिसरं. ते तिसरं खरं. म्हणून शेवटचा हलका कट दुसऱ्या दिवशी, धारदार टूलनं, मी घ्यायचा. त्या हलक्या कटात काही तापत नाही. काही तापत नाही म्हणून वास येत नाही. आणि इतक्या पातळ कटात कुठल्याही प्लॅस्टिकचा छिलका सुतासारखाच निघतो. आज तात्या डोळे तपासायला गेले होते, आमच्या गिऱ्हाईक शर्मिलाबाई दुपारी लॉट न्यायला येणार होत्या आणि थोडे बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, कमी भरत होते, म्हणून काळे रॉड आल्यापासून मी पहिल्यांदाच अख्ख्या रॉडला हात घातला. टूलला धार लावून घ्यायचा कंटाळा केला. नाहीतर आजही कळलं नसतं.

मी टपरीवरून मीठ मागून आणलं. स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत ढवळत राहिले. हा प्रयोग मी क्लासमध्ये मुलांना करून दाखवते, तेव्हा ती हसतात, कारण त्यांना प्रयोग म्हटलं की रंग बदलायला हवा असतो किंवा स्फोट तरी. इथे नुसतं तरंगतं किंवा बुडतं. नायलॉन साध्या पाण्यात बुडतं, पण दाट मिठाच्या पाण्यात तरंगतं. ॲसिटल दोन्हींत बुडतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा लागतो, कारण हलक्या छिलक्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि जे बुडायला हवं तेही वर राहतं. मी साबण टाकला. खिडकीच्या फळीवर पहिल्या लॉटमधला एक पांढरा तुकडा पडला होता, त्याची चकती आधी टाकली. ती तळाशी जाऊन बसली. मग काळी चकती टाकली. ती खाली गेली, वाटलं जातेय, आणि सावकाश वर आली. मी बोटानं दाबली. परत वर आली. ट्रेमधल्या तयार बुशांतला एक बुश टाकला. तोही ग्लासाच्या काठाला लागून डुलत राहिला. तयार बुशांवर माझ्या शेवटच्या कटाची ती एकसारखी, मंद चमक होती. त्या चमकेचा मला अभिमान होता.

सुरुवातीला आम्ही पांढरेच रॉड घ्यायचो. ॲसिटल दुधासारखं पांढरं असतं, नायलॉन जरा पिवळट. शेजारी ठेवले की कुणालाही कळेल. मग एके दिवशी तात्या म्हणाले, "काळे घेत जाऊ. पांढऱ्याला तेलाचे हात लागले की डाग दिसतात. गिऱ्हाइकाला घाणेरडं वाटतं." तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. आयुष्यभर पोलाद कापलेला माणूस प्लॅस्टिकच्या रंगाचा विचार करतोय, म्हणजे तो माझ्या कामात आला, असं मला वाटलं. घरी आईला मी तसं सांगितलंही. आई म्हणाली, "तात्या बदलले गं." ती फार खुशीत होती.

तात्या पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. नवं धोरण आलं, बाहेरचा माल आला, कारखान्याच्या फाटकावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली आणि त्यात स्वेच्छा कुणाची होती हे तात्या अजून विचारतात. त्यांनी जुना लेथ घेतला आणि ही शेड. वारज्यात तेव्हा आजूबाजूला शेतंच होती. पहिले काही महिने काम नव्हतं. तात्या सकाळी येऊन मशीन पुसायचे, तेल द्यायचे, चक रिकामा फिरवायचे आणि डबा खाऊन परत यायचे. रोहन, माझा धाकटा भाऊ, तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला लागला होता. सन दोन हजार उजाडताना जगभरचे कॉम्प्युटर गडबडणार आणि ते दुरुस्त करायला पुण्यातली मुलं लागणार, असं जो तो म्हणत होता. मी पॉलिमर घेऊन एम.एस्सी. केलं होतं आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मीच म्हणाले, तात्या, प्लॅस्टिक कापू या. भोसरीत बाटल्या धुण्याची मशीनं करणारे लोक बुश मुंबईहून मागवतात. तात्या म्हणाले, "प्लॅस्टिक? ते काय कापायचं? ते तर सुरीनं कापतात." पण आले. मी शिकवलं ते त्यांनी शिकून घेतलं, टूलचा कोन बदलला, धार वस्तऱ्यासारखी काढली, गार ठेवणाऱ्या कूलंटऐवजी हवा मारायला लागले. माझ्याहून त्यांचा हात कितीतरी चांगला होता.

आणि हा तोच माणूस, ज्यानं मला पदार्थाची ओळख म्हणजे काय ते शिकवलं. मी लहान असताना कारखान्याच्या पूजेला ते मला घेऊन गेले होते. तिथं त्यांनी ग्राइंडरवर लोखंडाची एक पट्टी टेकवली आणि म्हणाले, ठिणगी बघ. लांब पिवळी रेघ गेली. मग दुसरी पट्टी. तिच्या ठिणग्यांना टोकाशी फुलं फुटली. "ह्याच्यात कार्बन जास्त," तात्या म्हणाले, "म्हणून फुटते. दिसायला दोन्ही सारखंच, पण ठिणगी वेगळी." पोलादाची एक अख्खी गाडी त्यांनी एकदा ठिणगी बघून परत पाठवली होती. साहेब म्हणत होता, सर्टिफिकेट आहे ना, घ्या. तात्या म्हणाले, साहेब, तुम्ही सर्टिफिकेट मशीनला लावा, मी लोखंड लावतो. ही गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांना सांगितली जाते. विहारातल्या एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला, तेव्हाही सांगितली होती. मी रसायनशास्त्र का घेतलं असं कुणी विचारलं तर मीही हीच सांगते.

ग्लासात बुश डुलत होता. मला एकदम वाटलं, चूक दुकानदाराची असेल. वाटलं म्हणजे मी ते वाटून घेतलं. तेवढाच आधार धरून मी दोन्ही चकत्या पुसून पर्समध्ये टाकल्या, शेडला कुलूप लावलं आणि कसब्यात गेले. रॉड आम्ही मकबूलभाईंकडून घेतो. त्यांचं दुकान म्हणजे एका बोळात एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना रॉड उभे केलेले, पांढरे, काळे, एक हिरवा. आत शिरलं की बांबूच्या वखारीत आल्यासारखं वाटतं. त्यांचे वडील इथेच पितळी सामान विकायचे. मकबूलभाई नमाजाहून नुकतेच आले होते, टोपी काढून घडी घालत होते.

"या, मॅडम!" ते म्हणाले. "आज तुम्ही? तात्यांची तब्येत ठीक ना?"

"ठीक आहे. मकबूलभाई, आम्हाला काळा रॉड कुठला देता तुम्ही?"

"कुठला म्हणजे? नायलॉन."

ते अगदी सहज म्हणाले. मी पांढरी चकती आणि काळी चकती त्यांच्या गल्ल्यावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चकतीवर नख मारून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ॲसिटल तेव्हा माझ्याकडे संपलेलं होतं," ते म्हणाले. "मुंबईहून यायला वेळ लागणार होता. तात्या म्हणाले, काळं नायलॉन द्या. मी विचारलं होतं हां मॅडम, मी गप्प नव्हतो. म्हटलं, बेटीला चालेल का? ती तर मागच्या वेळी माझ्याशी भांडली होती, नायलॉन पाणी पितं म्हणून. तात्या म्हणाले, तिनंच सांगितलंय." थोडं थांबून म्हणाले, "नंतर ॲसिटल आलं माझ्याकडे. मी सांगितलंही. ते म्हणाले, आता हेच चालू दे."

"केव्हापासून?"

"काळे रॉड सुरू झाल्यापासून." त्यांनी चकत्या माझ्याकडे सरकवल्या. "चहा घ्या. मैत्रीबेटी, बसा तरी."

मी बसले नाही. कसब्याच्या त्या बोळातून बाहेर येईपर्यंत मला कुणाची तरी स्कूटर घासून गेली, कुणीतरी ओरडलं, मी बहुतेक सॉरी म्हणाले. तिनंच सांगितलंय. शब्द दोनच होते, पण माझ्या डोक्यात ते परत परत फिरत होते. त्यांनी माझं नाव वापरलं होतं. मकबूलभाईंना शंका आली, तिथं त्यांनी माझं ज्ञान पुढं केलं. म्हणजे त्यांना ते ज्ञान आहे हे ठाऊक होतं, त्याचं वजन काय आहे हेही ठाऊक होतं. दुकानात ते वजन चालतं, म्हणून दुकानात ते वापरलं. मशीनवर नाही.

बस वारज्याकडे चालली होती आणि मला भोसरीचं ते ऑफिस आठवत होतं. आठवत होतं असं तरी कसं म्हणू, मी तिथं बसलेलीच होते. पावसाळ्यात तक्रार आली होती. एका डेअरीत बसवलेल्या मशीनमध्ये आमचे बुश शाफ्टला धरून बसले, मशीन जाम झालं, अख्खी पाळी फुकट गेली. शर्मिलाबाईंनी बोलावलं. त्या तिथं प्रॉडक्शनच्या प्रमुख, मला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं, त्यांच्या मालकांनी "मुलगी आणि म्हातारा?" असं विचारल्यावरही. जायच्या आधी मी आठवडाभर हिशेब तपासत होते. गरम पाण्यात ॲसिटल किती फुगेल, बुश आणि शाफ्ट यांच्यात किती जागा, म्हणजे क्लिअरन्स, सोडायला हवी, सगळं परत मांडलं. चूक सापडेना. चूक सापडत नाही याचा अर्थ मला एवढाच समजला की मी नीट शोधत नाहीये. शेवटी मी एक शोधली. प्रसरणाचा आकडा मी साध्या तापमानाचा घेतला होता, गरम पाण्याला तो वाढतो. वाढ अगदी थोडी होती. त्यानं शाफ्ट जाम व्हायला नको होता. पण चूक हवी होती, ती मिळाली, आणि मी तिला धरून बसले. शर्मिलाबाईंच्या टेबलावर मी आकडे मांडले, आलेख काढून दाखवला, आणि म्हणाले, "मॅडम, माझी चूक आहे. मी जागा कमी धरली." तात्या माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांच्यापुढं चहा होता. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायले. शर्मिलाबाई मला म्हणाल्या होत्या, "अशी सरळ चूक कबूल करणारं मी या लाइनीत कुणी पाहिलं नाही." परत येताना तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात आत्ता बसमध्येही मला पाठीवर जाणवत होता आणि तिथली कातडी मला नकोशी झाली होती.

त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती मला डेक्कनच्या सिग्नलला सुचली. मी जागा वाढवली आणि तक्रारी कमी झाल्या. साहजिक आहे, नायलॉन फुगायला जागा मिळाली. म्हणजे माझं खोटं स्पष्टीकरण प्रयोगानं खरं ठरवलं. मी ते क्लासमध्ये मुलांना उदाहरण म्हणून सांगितलंय. आकडा कुठल्या तापमानाचा आहे ते बघा रे, नाहीतर माझ्यासारखं होईल. मुलं हसली होती. एवढे दिवस मी एका न केलेल्या चुकीतून शिकत होते.

शेड उघडी होती. तात्या आले होते, डोळ्यांत औषध घातल्यामुळे काळा चष्मा लावून स्टुलावर बसले होते. ग्लास त्यांच्यापुढं तसाच होता, बुश तरंगत होता. त्यांना तो प्रयोग माहीत होता. मी त्यांना पहिल्याच महिन्यात दाखवला होता.

"मिठाची नासाडी," ते म्हणाले.

"मी मकबूलभाईंकडे जाऊन आले."

"मग आता विचारायचं काय राहिलं?"

"तुम्हाला माहीत होतं. नायलॉन पाणी पितं, फुगतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, सांगितलं होतंस. तू पुष्कळ सांगतेस." त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, उजेड सहन होईना, परत खाली ओढला. "माल नव्हता तिकडे. आठवडाभर मशीन बंद ठेवायचं? बंद मशीनपुढं बसून बघ एकदा. मी बसलोय. फाटकाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं. काळा रॉड मिळत होता, मापात बसत होता. घेतला."

"आणि नंतर? ॲसिटल आल्यावर?"

"नंतर काय. चाललं होतं ना. मापात एक तरी बुश परत आला का माझा? काढून दाखव." हे ते खऱ्याच अभिमानानं म्हणाले. "शेवटी प्लॅस्टिक आहे गं ते. काळं ते काळं."

"लोखंडात असं केलं असतं तुम्ही?"

ते एकदम ताठ बसले. मी त्यांना शिवी दिल्यासारखं. "लोखंडाची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "लोखंडात कोण करील असं?"

इतका वेळ मी असं धरून चालले होते की त्यांनी मला फसवलं, म्हणजे त्यांनी काहीतरी मोठं मोडलं, जे मोडताना त्यांनाही लागलं असेल. तसं नव्हतंच. त्यांना काही मोडल्याचं वाटतच नव्हतं. ज्या गोष्टीत खोटं करता येतं अशी गोष्ट म्हणून त्यांनी माझं काम कधी मोजलंच नव्हतं. टूलचे कोन, विसाव्याचा दिवस, हवा मारणं, हे सगळं ते माझ्यासाठी करत होते, जसं मी चौथीत असताना त्यांनी माझ्या प्रदर्शनातल्या पुठ्ठ्याच्या घराला खरा कडी-कोयंडा करून दिला होता. आणि विसाव्याचा तो दिवस माझाच नियम. कच्चं काम त्यांचं, पक्कं माझं, मध्ये एक रात्र. त्या रात्रीच्या अलीकडे काय असतं ते मी कधी पाहिलंच नाही. मीच आखलेली ती रेघ, आणि तिच्या पलीकडे ते निवांत होते.

"भोसरीला," मी म्हणाले, "मी चूक माझ्यावर घेतली. तुम्ही शेजारी बसला होता. तेव्हा तरी..."

वेल्डिंगवाल्याकडून निळा उजेड पत्र्याच्या फटीतून आत येत जात होता. मग ते म्हणाले, "तू इतकं छान समजावून सांगत होतीस. आकडे, ते आलेख. मला वाटलं, असेलही तसं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण काळ्या काचांमागे काही दिसत नव्हतं. हे खरं असू शकतं. हेच मला सहन होईना. खोटं असतं तर मी भांडले असते.

शर्मिलाबाईंची व्हॅन शेडपुढं थांबली. त्या उतरल्या, ओढणी कमरेला खोचलेली, हातात मापाचं कॅलिपर. त्या नेहमी स्वतः मोजून माल घेतात. "काय तात्या, हीरो झालात, गॉगल-बिगल?" त्या म्हणाल्या. तात्या हसले, उठून उभे राहिले, स्टूल पुढं केला. मी ट्रेसमोर जाऊन उभी राहिले. बोलायचं ठरवणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं, पण तोंड उघडल्यावर वाक्य लहान निघालं.

"मॅडम, हा लॉट मी देऊ शकत नाही. हे ॲसिटल नाही. नायलॉन आहे. मागचे काळे सगळेच."

त्यांनी कॅलिपर बंद केलं. ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या हुशार बाई, त्यांना वेळ लागला नाही. "म्हणजे पावसाळ्यात जाम झाले ते..."

"हो."

"पण तुम्ही मला क्लिअरन्सचं सांगितलं होतं. ग्राफ काढून. ते मी वर मालकांना समजावलं, डेअरीवाल्यांना समजावलं. मी तुमच्यासाठी भांडलेय, मैत्री."

"तेव्हा मला तसंच वाटलं होतं."

"आणि आता असं वाटतंय." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. "भोसरीत टर्नर ढिगानं आहेत. मी वारज्यापर्यंत पेट्रोल जाळून का येते? कारण तुम्ही सांगितलं की ते मी परत तपासत नाही. माप तपासते, मटेरियल नाही. आता मी तुमचं कुठलं वाक्य धरायचं, तेव्हाचं का आत्ताचं?"

दोन्ही वाक्यं मी खरं समजून बोलले होते आणि बाहेरून ती दोन खोटी दिसत होती. एखादी मुलगी, जिला प्रत्येक वेळी नवं कारण सुचतं. कुणीही ओळखेल असा प्रकार.

"रॉड कोण आणतं?" शर्मिलाबाईंनी विचारलं.

मी बोलायच्या आत तात्या पुढं झाले. नम्रपणे, हात एकमेकांत घेऊन, कारखान्यातल्या साहेबापुढं उभं राहावं तसे. "मटेरियलचं सगळं मैत्री बघते, मॅडम," ते म्हणाले. "आम्हाला काय कळतंय त्यातलं? आम्ही लोखंडवाले. ती सांगेल ते कापायचं. पोर आहे, चुकतं कधी कधी. पुढच्या वेळी बघून घेईल."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा होता, पण मान माझ्याकडे वळली त्यावरून मला कळलं. त्या वळण्यात विनवणी नव्हती. मला गप्प बस असा दम नव्हता, लाज नव्हती, घाईसुद्धा नव्हती. भीती असती तर मी बहुधा गप्प बसले असते. तात्यांना घाबरलेलं मला बघवत नाही. पण ते निर्धास्त होते. मी आता काय बोलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, चकमध्ये रॉड घट्ट बसलाय हे हाताला ठाऊक असतं तसं. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. इतका विश्वास जगात माझ्यावर दुसरं कुणी ठेवलेला नाही, आणि तो यासाठी होता.

"नाही," मी म्हणाले. "रॉड तात्या आणतात. नायलॉन आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला आज कळलं. भोसरीला मी जे सांगितलं ते चूक होतं, पण मी खोटं बोलत नव्हते. तुम्ही मकबूलभाईंना फोन करून विचारू शकता."

माझा आवाज मला अनोळखी वाटला, क्लासमध्ये पाठ वाचून दाखवताना येतो तसा, सपाट. शर्मिलाबाई तात्यांकडे बघत होत्या. तात्या दोन पावलं बाजूला झाले आणि लेथपाशी जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. वेल्डिंगवाल्यानं काम थांबवलं होतं, त्यामुळे शेडमध्ये फार शांत झालं.

"खरं ॲसिटल कधी देणार?" शर्मिलाबाईंनी शेवटी विचारलं. "पहिली पेटी फुकट, बसवायचा खर्च तुमचा. आणि या वेळी मी रॉडचा तुकडा बरोबर घेऊन जाणार, तपासायला. हे मला करावं लागतंय याचं वाईट वाटतं."

"पुढच्या शुक्रवारी," मी म्हणाले. "रॉड मी स्वतः आणीन."

"आणि मशीनवर?"

तात्यांचा उजवा हात लेथच्या चाकावर होता. तिथं तो नेहमीच असतो, बोलताना, चहा पिताना, कुणी भेटायला आलं तरी.

"मशीनवर मी," मी म्हणाले. "पहिल्या कटापासून."

तात्यांनी हात काढला नाही. शर्मिलाबाई थांबल्या, मीही थांबले. बाहेरून एक ट्रक बायपासकडे गेला आणि पत्रे थरथरले. मग त्यांनी एकेक बोट सोडवत हात चाकावरून काढून घेतला, आणि तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना.